खांद्याचं ऑपरेशन

१ जानेवारी २००३, केदारखेडा

यांच्या बियाणे कंपनीनं यंदा घड्याळाऐवजी डायरी दिली. हे कंपनीत फिल्डवर असतात, दिवसभर गावोगावचे बियाण्याचे प्लॉट बघत हिंडतात. यांचं अक्षर यांचं यांनाच लागत नाही, म्हणून डायरी माझ्याकडे आली. प्रत्येक पानाखाली शेतीचा एकेक सल्ला छापलाय. आजचा सल्ला : हरभऱ्यावरील घाटे अळीकडे लक्ष द्यावे. बरं, देऊ.

मी उषा. अंगणवाडीची ताई. वय अडतीस. दिवसभर सरकारची रजिस्टरं भरते. किती पोरं आली, कुणाचं वजन किती भरलं, खिचडी किती शिजली. माझं स्वतःचं मात्र कुठंच काही लिहिलेलं नाही. आता यात लिहीन, आणि खरं लिहीन, नाहीतर शाई वाया कशाला घालवायची.

तर खरं हे की माझी छाती फार जड आहे. दोन बाळंतपणांत वाढली ती पुन्हा उतरलीच नाही. मान आखडते, पाठ धरते, आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांत चर पडलेत. उन्हाळ्यात खालची कातडी सोलवटते. पोराला वजनकाट्याला टांगायला हात वर केला की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. पोरं दोन्ही जालन्याला शिकायला, घरात आम्ही तिघं, तरी संध्याकाळपर्यंत मी पार मोडून जाते.

आणि झोका. माहेरी मंठ्याला माझ्याइतका उंच झोका कुणी चढवत नव्हतं. गेल्या पंचमीला इथं नदीच्या वाटेवरच्या लिंबाला झोका बांधला, बाया उभ्यानं जोडीजोडीनं झोके घेत होत्या, आणि मी खाली सगळ्यांच्या चपला आणि तान्ही लेकरं सांभाळत बसले होते. आमची मदतनीस गिरिजाबाई म्हणाली, "ताई, या की." मी म्हणाले, मला चक्कर येते. चक्करबिक्कर काही येत नाही. दुखतं, आणि लाज वाटते. झोक्यावर उभी राहिले की सगळं गाव कुठं बघेल ते मला माहीत आहे.

सासूबाई तिथंच होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते, गाव साळूबाई म्हणतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चपलांची राखण करून त्यास्नी काय पिल्लं होणार हायेत का?" टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही.

९ जानेवारी

आज औरंगाबादला जाऊन आलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मागंच सांगितलं होतं की गोळ्या खाऊन ही मान बरी होणार नाही, दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे. त्यांनीच प्लास्टिक सर्जरीच्या मॅडमसाठी चिठ्ठी दिली. यांना वाटलं, आत प्लास्टिक बसवतात. मॅडम हसल्या. म्हणाल्या, बसवायचं काही नाही, उलट काढायचं आहे.

असं ऑपरेशन असतं! जास्तीचं काढून टाकतात, वर टाके घालतात, आणि माणूस हलकं होतं. हे एवढं मोठं गुपित मला आजवर कुणी सांगितलं नाही. मला इतका आनंद झाला की आधी काय विचारायचं ते सुचेना. मी विचारलं, "मॅडम, झोका खेळता येईल?" त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांनी खुशाल खेळा."

येताना एसटीत हे म्हणाले, "खर्चा बराच हाये. पण कंपनीनं आपला समद्यांचा विमा काढेल हाये. धर्मराजला विचारतो." धर्मराज म्हणजे यांच्या जालन्याच्या ऑफिसात विम्याचे कागद बघणारा क्लार्क. राजूरच्या स्टँडवर हे खाली उतरून खारे दाणे घेऊन आले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "तुहा तो विषय... लई दुखतो का?"

"लई."

"मंग आधी कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कवा?"

दाण्यांची सगळी पुडी मलाच दिली. यांची माफी अशीच असते, खाऊच्या पुडीत बांधलेली.

घरी आत्याबाईंना सांगितलं. त्या ताडकन म्हणाल्या, "देवानं देयेल कापून टाकायचं? उद्या म्हणशील नाक लांब हाये." झालं, माझ्या वाटेत पहिला धोंडा घरातच.

१६ जानेवारी

परवा संक्रांत झाली, आज हळदीकुंकू झालं. तीळ भाजायला बसणार तर आत्याबाईंनी पहाटेच सगळे लाडू वळून ठेवलेले. म्हणे, "तुह्या हातानं पुढची संक्रांत येईल." पाणीही त्यांनीच भरून ठेवलं होतं. हल्ली हे रोजचंच झालंय. मी उठायच्या आत घागरी भरून मोकळ्या, म्हणजे शेजारणींना दिसावं की सून लोळत पडलीय. वाळत घालायचे कपडेसुद्धा माझ्या हातातून ओढून घेतात.

आजचा सल्ला : मोसंबीच्या झाडावर फळांचा भार जास्त असल्यास फांद्यांना टेकू द्यावा. हे वाचून मी इतकी हसले की हे धावत आले. यांना वाचून दाखवलं तर लाजून बाहेर गेले.

२८ जानेवारी

यांनी धर्मराजकडे अर्ज भरून दिला. काय काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, "बराबर लिहिलंय समदं, तू नको टेन्शन घेऊ." औरंगाबादच्या मॅडमचा कागद त्यासोबत जोडलाय. मंजुरी आली की तारीख मिळणार.

अंगणवाडीत आज सगळ्या पोरांचं वजन केलं. शेवटी गिरिजाबाईला म्हणाले, माझंही ते टांगून बघावं वाटतं. तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ती खिचडी ढवळता ढवळता पातेल्याशीच बसून हसायला लागली. ऑपरेशनचं तिला एकटीला सांगितलंय. म्हणजे आता निम्म्या गावाला माहीत असेल.

१९ फेब्रुवारी

नामंजूर.

कागद यांच्या खिशात दोन दिवस होता. आज शर्ट भिजवताना मला सापडला. त्यात लिहिलंय की अर्जात खांद्याची शस्त्रक्रिया म्हटलं आहे आणि डॉक्टरांच्या कागदात स्तन लहान करण्याची. दोन्हींचा मेळ नाही. शिवाय ही दुसरी शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी असते, ती विम्यात बसत नाही.

मी यांना विचारलं, "खांद्याची?"

हे पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तिथं चार माणसं बसेल होते. त्यांच्यापुढं कसं म्हणू? मंग म्या म्हणलं, खांदा दुखतो. खोटं थोडंच हाये, दुखतोच की तुहा खांदा."

आधी मला हसू आलं. हसता हसता रडू आलं, आणि मग थांबेना. यांना काय बोलायचं? मी तरी काय केलं? तीन वर्षं दवाखान्यात जाऊन मान दुखते, मान दुखते असंच सांगत होते. आमच्या घरात या गोष्टीला नावच नाही. नाव नाही त्याला विमा कसा मिळणार?

हे म्हणाले, "विमा न्हाई तर न्हाई. म्हैस इकू, अजून काई इकू. पण करू." चंद्री म्हैस म्हणजे आत्याबाईंचा जीव की प्राण. त्या ओसरीवर होत्या, त्यांनी ऐकलं. आत येऊन म्हणाल्या, "सोमवारी म्या बी येते जालन्याला. बघते कोण कागद नामंजूर करतं ते."

एक तर या जाऊन सगळं मोडून येतील, नाहीतर म्हैस वाचावी म्हणून काहीतरी तमाशा करतील. यांना म्हटलं, तुम्ही समजवा. हे म्हणाले, "आजवर कवा समजल्या हायेत?"

२४ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायला हे पान पुरणार नाही, उद्याच्या पानावर जाईन.

सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. राजूरला एसटी पाच मिनिटं थांबते. आत्याबाई कुणाला न सांगता खाली उतरल्या, गणपतीच्या कमानीकडे तोंड करून हात जोडले, ओठ हलवले, आणि परत येऊन बसल्या. मी विचारलं, काय मागितलं? म्हणाल्या, "चंद्री गाभण हाये. सुखरूप मोकळी होऊ दे म्हणलं." तिथंही म्हैसच.

धर्मराजच्या खोलीत खरंच चार माणसं बसलेली होती. एक चहा पीत होता, बाकीचे त्याला बघत होते. हे दारातच थबकले. मी यांच्या मागं. आत्याबाई सरळ आत गेल्या आणि टेबलापुढच्या खुर्चीत बसल्या.

"धर्मराज कोण हे?"

"मी, आजी."

"तुह्या घरी म्हैस हाये का बाबा?"

धर्मराज चपापला. "गावाकडं हाये."

"तिची कास लई जड झाली, तिला चालवंना, बसवंना. तर तू डॉक्टरला काय सांगशील? खुर दुखतंय म्हणून?"

"न्हाई..."

"न्हाई ना? मंग आता कागद घे अन् लिही. माह्या सुनंची थानं जड हायेत."

चहा पिणाऱ्याचा कप तोंडाशीच राहिला. हे भिंतीवरच्या कपाशीच्या पोस्टरकडे असं बघत होते की जणू पहिल्यांदाच कपाशी बघतायत. माझे कान तापले. पण खरं लिहायचं ठरलंय, तर लिहिते : त्या लाजेखाली कुठंतरी गार वाटत होतं. बरीच वर्षं बंद असलेली खिडकी कुणीतरी उघडावी तसं.

आत्याबाई थांबल्या नाहीत. "त्याच्या वझ्यानं तिची मान मोडून राह्यली. सकाळी भित धरून उठती. वरचं भांडं काढता येत न्हाई. हात वर करून कपडे वाळू घालता येत न्हाईत. खांद्यात ह्ये एवढाले चर पडलेत. उन्हाळ्यात जखमा व्हतेत, तिला वाटतं कोणाला कळत न्हाई, रातच्याला हळद लावती. तुमच्या त्या साहेबाला इचार, सुंदर दिसायसाठी कोणी अंगाची चिरफाड करून घेतं का? मोंढ्यातला हमाल पोतं खाली टाकतो ते काय फोटो काढायसाठी?"

धर्मराजनं पेन उघडलं होतं, पण लिहीत नव्हता. मग त्या चार माणसांकडे वळून म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

आत्याबाई म्हणाल्या, "बसू दे. त्यास्नी बी आई हाये."

धर्मराज चांगला माणूस निघाला. नवा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला, जसं आहे तसं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा दाखला आणायला सांगितला, मानेच्या जुन्या चिठ्ठ्या जोडायला सांगितल्या. यांना म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, तुम्ही पहिलेच असं सांगितलं असतं तर?" हे म्हणाले, "तू पुढच्या जन्मी नवरा होऊन बघ." धर्मराजला आधीच बायको आणि दोन पोरी आहेत, पण हसला बिचारा.

येताना मी आत्याबाईंच्या शेजारी बसले. हळदीचं त्यांना कसं कळलं ते विचारायचं होतं, धीर झाला नाही. म्हैस वाचावी म्हणून माणूस किती बारकाईनं सगळं लक्षात ठेवतं!

१४ मार्च

मंजूर! आजारावरचा उपचार म्हणून मान्य, सौंदर्यासाठी नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. हॉस्पिटलला आधी आपण भरायचं, मग बिलं पाठवायची, ते तपासून पैसे परत करणार. यांनी कंपनीतून उचल घेतली. मी धावत अंगणवाडीत गेले, म्हणजे मला जेवढं धावता येतं तेवढं. गिरिजाबाईनं पोरांना जास्तीचा गूळ वाटला. कशाबद्दल ते पोरांनी विचारलं नाही, शहाणी आहेत.

८ एप्रिल, औरंगाबाद

उद्या सकाळी. भीती वाटते का? वाटते. झोपेच्या इंजेक्शननंतर उठलेच नाही तर, असं वाटतं. मग वाटतं, उठले तर!

हे खाली कँटीनमध्ये चौथा चहा पितायत. आत्याबाई घरी राहिल्या, चंद्रीकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून. निघताना ओसरीतून उठल्यासुद्धा नाहीत. "जा, अन् ये" एवढंच म्हणाल्या. आज संध्याकाळी हॉस्पिटलच्या फोनवर फोन आला, तीन मैल दूर असल्यासारख्या ओरडत होत्या. म्हणे चंद्री नीट खात नाही. मी म्हणाले, हिरवा चारा घाला. म्हणाल्या, "हिरवाच घातलाय. तिच्या घशाखाली घास उतरंना." काळजी वाटली मला, गाभण आहे ती.

१२ एप्रिल

झालं. दुखतंय, पट्ट्या आहेत, नळ्या आहेत, हात वर करायला बंदी आहे. पण मान! मान कुठं गेली तेच कळत नाही. एवढी वर्षं रोज हाक मारायची ती एकदम गप्प झाली.

मॅडमना विचारलं, किती काढलं? दोन्ही मिळून दोन किलो आठशे ग्रॅम. मी अंगणवाडीची ताई. मला लगेच कळलं, हे तर चांगलं भरल्या वजनाचं बाळ! एवढं बाळ मी बारा-पंधरा वर्षं न उतरवता काखेत घेऊन फिरत होते. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मंग पेढे वाटू का?" मी हसले, टाके ताणले, नर्स दोघांवर ओरडली.

३० एप्रिल, केदारखेडा

घरी आहे. काल धर्मराज बिलं न्यायला आला. जाताना म्हणाला, "वैनी, क्लेम पास व्हईस्तोर विमा कंपनीचा माणूस चौकशीला येऊ शकतो हं. घरी येतो, शेजारीपाजारी इचारतो. आपले कागद पक्के हायेत, भ्यायचं न्हाई."

तो गेला आणि मी आरशापुढं उभी राहिले. बाई गं! आरशातली बाई ताठ उभी होती. कंबर होती तिला. मी वळले, ती वळली. मला ती इतकी आवडली की मी लाजून आरसाच उलटा केला.

आणि मग धडकी भरली. कागदात काय लिहिलंय? सौंदर्यासाठी नव्हे. आता तो माणूस आला आणि त्यानं मला अशी बघितली तर? म्हणणार नाही का, की बाई, आजारासाठी म्हणून पैसे मागता आणि इथं तर तुम्ही छान दिसताय?

२५ मे

ठरवलंय, क्लेम पास होईपर्यंत जुनेच झंपर घालायचे, आतून टॉवेलची घडी ठेवायची, पदर दोन्ही खांद्यांवरून. बाहेर निघाले की मानेवर हात ठेवायचा. हे म्हणाले, "तुला काई यड लागलंय का?" पण मोठ्यानं नाही म्हणाले, कारण खांद्याच्या प्रकरणापासून विम्याच्या बाबतीत यांचा शब्द घरात चालत नाही.

आत्याबाई आज एकट्याच राजूरला जाऊन नारळ फोडून आल्या. नवस फेडला म्हणे. चंद्री तर अजून व्यायचीय! म्हातारपणी माणसं विसरतात.

२० जून

आज एक गुन्हा केला. शाळेजवळ एसटी सुटली होती आणि मला भोकरदनला मीटिंगला जायचं होतं. मी धावले. खरी धावले, दोन्ही हात मोकळे सोडून, मुलीसारखी. एसटी गाठली. आत बसले तर श्वास लागलेला आणि डोळ्यांत पाणी, आनंदानं. मग आठवलं आणि लगेच मानेवर हात ठेवला. टॉवेलाची घडी पळताना पोटावर आली होती, ती पदराखालून वर सारली. शेजारची बाई जागा बदलून गेली.

आनंद लपवायचा म्हणजे उचकी लपवण्यासारखं आहे. दाबावी तर आणखी जोरात येते.

११ जुलै

बॅगवाला एक माणूस घरचा पत्ता विचारत आला. मी झटकन खाटेवर पडले, डोक्याला फडकं बांधलं, कण्हायला लागले. तो मतदार यादीवाला निघाला. जाताना आत्याबाईंना म्हणाला, "पुढच्या यादीपर्यंत यांचं नाव ठेवायचं ना?"

आत्याबाई तो गेल्यावर ओसरीत बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर झाल्या. "उषे, बरं झालेलं माणूस आजाऱ्याचं सोंग करतं, ते देवाला आवडत न्हाई." टोमणाच तो. पण रात्रभर टोचला.

१ ऑगस्ट

उद्या पंचमी. लिंबाला दोर बांधला. मेंदी लावायला गिरिजाबाई आली, म्हणाली, "ताई, उद्या तरी?" मी म्हणाले, पुढच्या वर्षी. क्लेम अजून अडकलाय. उचल फिटायची आहे. एवढे महिने सांभाळलं, एका झोक्यासाठी कशाला घालवायचं?

मॅडमनी तीन महिने सांगितले होते. होऊन गेलेत.

२ ऑगस्ट

पंचमी. वारुळाला लाह्या वाहिल्या, दिंडं खाल्ली आणि दुपारी सगळ्याजणी लिंबाखाली. मी जुना झंपर, टॉवेल, दोन्ही खांद्यांवर पदर. चपलांशेजारी माझी नेहमीची जागा.

थोड्या वेळानं एक माणूस स्कूटरवरून आला. पांढरा शर्ट, काखेत फाईल. लिंबापलीकडे स्कूटर लावली आणि पारावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "अंगणवाडीच्या उषाबाई कुठं राहतात? विम्याचं काम आहे."

हाच तो. मी पदर आणखी ओढला, मानेवर हात ठेवला. वर बायांचा झोका चालला होता, गाणं रंगात आलं होतं. आणि मला गेल्या पंचमीचा दिवस आठवला. हीच जागा, ह्याच चपला. मग आठवलं ते दोन किलो आठशे. ते मी हॉस्पिटलात टाकून आले, आणि आता त्याच्या जागी टॉवेल घालून बसलेय. हे मी काय करतेय? चोरी केलीय का मी? दुखत होतं, ते थांबलं, त्याचा आनंद झालाय. लपवायचंय काय त्यात?

मी झाडामागं गेले, टॉवेल काढून चपलांवर फेकला, पदर खोचला आणि झोक्यापाशी जाऊन उभी राहिले. "गिरिजाबाई, उतरा. मी येते." गाणं थांबलं. समोरची जोडीदार कोण होणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तर आत्याबाई पुढं आल्या. वय पासष्ट. चपला काढून त्या फळीवर चढल्या आणि म्हणाल्या, "बघतीस काय? म्या काय चंद्री हाये का, झोक्यावर चढता येईना?"

पहिले दोन हेलकावे मी भीतभीत घेतले. तिसऱ्याला गुडघे वाकवून जोर लावला, आणि अंगाला सगळं आठवलं. झोका चढला. लिंबाचा पाला तोंडाला लागला. नदी दिसली, पुलावरची एसटी दिसली, आमचं घर, चंद्री, सगळं खाली. माझं अंग माझ्या हातात होतं. काही मागं राहत नव्हतं, काही ओढत नव्हतं. मी ओरडले. काय ओरडले कुणास ठाऊक.

तो माणूस अगदी खाली येऊन उभा होता, मान वर करून. "उषाबाई कोण?"

"मीच!" मी वरून ओरडले. लपवायचंच नाही ठरल्यावर मग काय!

तो बघतच राहिला. झोका हळूहळू उतरला. त्यानं फाईल उघडली, मान दुखायची ती आता दुखते का, काम करता येतं का, असं सगळं विचारलं. मी खरं खरं सांगितलं. शेवटी जरा अडखळत तो आत्याबाईंना म्हणाला, "आजी, राग मानू नका, विचारावं लागतं. हे ऑपरेशन सुंदर दिसण्यासाठी तर नव्हतं केलं?"

आत्याबाई दोर धरून दम खात होत्या. म्हणाल्या, "सुंदर तर ती लगीन होऊन आली तवापसून हाये. हे तिला जगता यावं म्हणून केलं."

त्या माणसानं ते लिहून घेतलं. गिरिजाबाईनं त्याला दिंड आणून दिलं. तो खाऊन गेला.

मला रात्री झोप येईना. वीस वर्षांत आत्याबाईंनी मला असं एकदाही म्हटलं नव्हतं. काळी म्हटलं, हळू म्हटलं, मंठ्याची म्हटलं. मग वाटलं, क्लेम पास व्हावा म्हणून बोलल्या असतील. हुशार आहेत. तरीही डोळे भरून आले.

२७ ऑगस्ट

क्लेम पास झाला. धर्मराजनं ऑफिसातून फोन केला. त्या माणसानं अहवालात लिहिलं होतं म्हणे, "रुग्णाला झोक्यावर उभे राहून झोका घेताना प्रत्यक्ष पाहिले. उपचार यशस्वी." मी जे दोन महिने झाकत होते, त्याच्यावरच पैसे मिळाले!

हे पेढे घेऊन आले, या वेळी खरोखरचे. संध्याकाळी आत्याबाई धार काढत होत्या. चंद्री मागच्या आठवड्यात व्याली, रेडी झाली. मी त्यांच्या तोंडात पेढा घातला आणि तिथंच बसले. आता विमा झाला, कंपनी झाली, कुणाची चौकशी उरली नाही, म्हणून विचारलं.

"आत्याबाई, त्या दिवशी त्या माणसाला तुम्ही म्हणाला ते... ते क्लेमसाठीच ना?"

त्यांनी मान वर केली नाही. चरवीत धार वाजत होती.

"यडी हायेस का? कंपनीला खोटं सांगितलं तर पैसे देतीत व्हय?"